सिंफनी : प्रकार, अपेक्षा आणि ‘रूपवाद’ (शोस्ताकोविचच्या निमित्ताने)

मराठी समीक्षेत ‘सिंफनी’ हा शब्द बहुधा विशेषणासारखा येतो. एखाद्या कादंबरीत पात्रांची गर्दी असली, कथानकाचे तीन-चार पदर एकमेकांत गुंतलेले असले आणि अखेरीस ते एकत्र आणलेले असले की ती ‘सिंफनीसारखी’ आहे असे आपण म्हणतो. ‘महाकाव्यात्मक’ या शब्दाप्रमाणे हा शब्दही मग वर्णनाचे काम बाजूला ठेवून गौरवाचे काम करू लागतो. ज्या कलाप्रकाराचे नाव आपण असे उसने घेतो तो प्रकार म्हणून कसा वर्ततो, त्या नावाने रचनाकारावर कोणते बंधन येते आणि त्याला कोणती मुभा मिळते, याची चौकशी सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात ती चौकशी द्मित्री शोस्ताकोविच (१९०६-१९७५) या रशियन संगीतकाराच्या सिंफनींच्या आधारे करावयाची आहे. विषय संगीताचा असला तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न साहित्यशास्त्राचा आहे : कलाप्रकार ही लक्षणांची यादी असते, की ती श्रोता आणि रचनाकार यांच्यात आधीच झालेली एक बोली असते?

शोस्ताकोविचने पंधरा सिंफनी लिहिल्या. पहिली, लेनिनग्राड कॉन्झर्व्हेटरीतील शिक्षणाच्या अखेरीस लिहिलेली, १२ मे १९२६ रोजी सादर झाली. पंधरावी १९७१ साली लिहून पूर्ण झाली. या पंधरांना एका व्याख्येत बसवावयाचे म्हटले तर पंचाईत होते. दुसरी आणि तिसरी एकसलग असून त्यांचा शेवट समूहगायनाने होतो. दुसरीत तर कारखान्याचा भोंगा वाजतो. सहावीत तीन भाग आहेत आणि पहिला भागच दीर्घ व संथ असल्यामुळे तत्कालीन टीकाकारांना ती शीर नसलेल्या धडासारखी वाटली. आठवी आणि नववी पाच भागांच्या. तेरावी म्हणजे येव्तुशेन्कोच्या पाच कविता, आणि चौदावी म्हणजे मृत्यूविषयीची अकरा गीते. चार भाग, शब्दविरहित वाद्यवृंद, पहिल्या भागात दोन स्वरकल्पनांचा संघर्ष आणि अंतिम भागात त्याची सोडवणूक, ही पाठ्यपुस्तकी लक्षणे घेऊन बसले तर निम्म्याहून अधिक रचना प्रकाराबाहेर जातात. तरीही शोस्ताकोविचने त्यांना क्रमांक दिले आणि हे नाव सोडले नाही. हा हट्ट कशासाठी, हे विचारावयास हवे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन जर्मन-रशियन सूत्रे हाताशी येतात. पाउल बेकर या जर्मन समीक्षकाने १९१८ साली बेथोव्हेनपासून मालरपर्यंतच्या सिंफनीविषयी लिहिताना असे मत मांडले की सिंफनीचे वैशिष्ट्य तिच्या रचनातंत्रात शोधू नये; श्रोत्यांच्या जमावातून एक समाज घडविण्याच्या तिच्या सामर्थ्यात ते शोधावे. सिंफनी लिहिणारा स्वरांबरोबर त्या स्वरांपुढे बसणारी सभाही कल्पित असतो, असा त्याचा आशय. हा विचार रशियात बोरिस असाफ्येव आणि विशेषतः इव्हान सोल्लेर्तिन्स्की यांनी उचलला. सोल्लेर्तिन्स्की हा शोस्ताकोविचचा जिवलग मित्र, मालरचा अभ्यासक आणि बहुभाषी पंडित. मराठी वाचकाला त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे : १९२० च्या सुमारास व्हितेब्स्क येथे तो मिखाईल बाख्तीनच्या परिचयात आला होता आणि त्याची व्याख्याने त्याने ऐकली होती. बाख्तीनने १९२९ साली दस्तयेव्हस्कीवरील ग्रंथात ‘बहुस्वरता’ ही संज्ञा संगीतातून साहित्यात आणली, हे आपल्याकडे आता सर्वपरिचित आहे. सोल्लेर्तिन्स्कीने १९४१ साली सिंफनीच्या नाट्यरचनेचे ऐतिहासिक प्रकार पाडताना बेथोव्हेनची संवादी, अनेक चेतनांना जागा देणारी सिंफनी आणि एकाच ‘मी’चे मनोगत गाणारी सिंफनी असा भेद केला, तेव्हा साहित्यात गेलेली संज्ञा एका वळणाने पुन्हा संगीतात आली असे म्हणता येईल. बाख्तीनचे या संदर्भात अधिक उपयोगी पडणारे प्रतिपादन मात्र त्याच ग्रंथाच्या १९६३ च्या सुधारित आवृत्तीत आहे. प्रकार वर्तमानात जगतो, परंतु आपला भूतकाळ तो विसरत नाही. लेखकाला ज्याची जाणीवही नसते अशा गोष्टी प्रकाराला आठवत असतात, असे तो तेथे म्हणतो. या ‘प्रकाराच्या स्मृती’कडे आपल्या चर्चेत बहुस्वरतेच्या मानाने फार कमी लक्ष गेले आहे.

आता १९३६-३७ कडे वळू. २८ जानेवारी १९३६ रोजी ‘प्रावदा’मध्ये शोस्ताकोविचच्या ‘म्त्सेन्स्कची लेडी मॅकबेथ’ या ऑपेरावर निनावी अग्रलेख आला. संगीताऐवजी येथे गोंगाट आहे, हा त्याचा सूर. आणि ‘रूपवाद’ हा त्यातला आरोप. दोनच दिवस आधी स्टालिन तो ऑपेरा पाहावयास गेला होता. शोस्ताकोविच त्या वेळी चौथी सिंफनी लिहीत होता. शंभराहून अधिक वादक लागणारी, तासाभराची ही रचना त्याने पूर्ण केली. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिच्या तालमीही चालू झाल्या. आणि मग ती मागे घेण्यात आली. तिचे पहिले सादरीकरण ३० डिसेंबर १९६१ रोजी मॉस्कोत किरिल कोंद्राशिनच्या संचालनाखाली झाले, म्हणजे पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात, २१ नोव्हेंबर १९३७ रोजी, लेनिनग्राडमध्ये म्राविन्स्कीने पाचवी सिंफनी सादर केली. संथ तिसऱ्या भागात सभागृहातील माणसे रडली आणि अखेरीस टाळ्या थांबेनात, असे अनेक प्रत्यक्षदर्शींनी सांगून ठेवले आहे. न्याय्य टीकेला एका सोव्हिएत कलावंताने दिलेले सर्जनशील उत्तर, असे एका पत्रकाराने तिचे वर्णन केले आणि ते तिला कायमचे चिकटले. त्या वर्षीच्या जून महिन्यात शोस्ताकोविचचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्हस्की याला गोळ्या घालण्यात आल्या होत्या, हे सभागृहातील सर्वांना ठाऊक होते.

१९३७ हे वर्ष मराठी साहित्यशास्त्राच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. याच वर्षी बा. सी. मर्ढेकरांचा ‘आर्ट्‌स अँड मॅन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनुसार संवेदनांची संघटना म्हणजे कलाकृतीचे सौंदर्य, हा त्यांचा सिद्धान्त, आणि संगीत हे या सिद्धान्ताचे सर्वांत अनुकूल उदाहरण. कारण तेथे माध्यम म्हणजे शुद्ध नादसंवेदना, अर्थाचा अडथळा नाही. (साहित्यात मात्र त्यांना ‘भावनात्मक अर्थ’ हे माध्यम मानावे लागले, आणि त्या जागी सिद्धान्ताची शिवण उसवते हे पुढच्या टीकाकारांनी दाखविले आहेच.) त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये ‘रूपवादी’ हा शब्द माणसाचे आयुष्य संपवू शकत होता. आपल्याकडे तो साहित्यशास्त्रातील एका भूमिकेचे नाव राहिला. फार तर वादसभेत प्रतिपक्षाला हिणवण्यासाठी वापरला गेला. दोन्ही ठिकाणी तोच शब्द वापरला जातो म्हणून दोन्ही ठिकाणचा वाद एकच आहे असे समजण्याची चूक आपल्या समीक्षेने पुष्कळदा केली आहे. मर्ढेकरांच्या बाबतीत तर नियतीने आणखी एक गंमत केली. आशयाला गौण मानणाऱ्या या सिद्धान्तकाराच्या ‘काही कविता’वर (१९४७) आशयासाठीच, अश्लीलतेच्या आरोपाखाली, खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले.

पाचव्या सिंफनीला मर्ढेकरांचे लयतत्त्व लावून पाहिले तर ते कोठपर्यंत पोहोचते? बरेच लांबपर्यंत पोहोचते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आरंभीच खालच्या सप्तकातील तंतुवाद्ये एक तुटक, वर झेपावणारी आणि खाली कोसळणारी स्वराकृती फेकतात. वरची तंतुवाद्ये तीच आकृती किंचित उशिराने उचलून तिचा पाठलाग करतात. संवाद आणि विरोध एकाच वेळी सिद्ध होतात, आणि मग दोहोंचा जोर ओसरून एक लांब, रित्या अवकाशातली स्वरावली उरते. तिसऱ्या भागात पितळी वाद्ये पूर्ण गप्प आहेत. व्हायोलिनचे नेहमीचे दोन गट मोडून तीन केले आहेत. या सगळ्याची लयदृष्ट्या चिकित्सा होऊ शकते आणि ती व्हावी. परंतु अखेरचा भाग मेजरमध्ये, ढोल आणि पितळी वाद्यांच्या गजरात संपतो आणि तंतुवाद्ये एकच स्वर कितीतरी वेळ घासत राहतात, तेव्हा हा आनंद आहे की आनंदाची सक्ती आहे, हा प्रश्न संवेदनांच्या अंतर्गत संघटनेतून सुटत नाही. ही सिंफनी डी मायनरमध्ये सुरू होऊन डी मेजरमध्ये संपते. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा मार्गही हाच. अंधारातून प्रकाशाकडे, संघर्षातून विजयाकडे नेण्याचे वचन हा प्रकार एकोणिसाव्या शतकापासून देत आला आहे, आणि ते वचन श्रोत्याच्या कानात आधीपासून बसलेले आहे. त्या मेजरचा अर्थ या वचनाच्या संदर्भात ठरतो. अखेरची गती किती ठेवावी याविषयी स्वरलेखांच्या छापील आवृत्त्यांतही एकवाक्यता नाही : काही संचालक तो शेवट उड्या मारीत पार करतात, काही तो जड पावलांनी ओढत नेतात. गती बदलली की आनंदाचे रूपांतर आज्ञापालनात होते. दोन्ही वाचने एकाच स्वरलेखातून निघतात, कारण अनिश्चितता स्वरलेखातच पेरलेली आहे.

येथे आपल्या संगीतातील एक परिचित गोष्ट आठवावी. ख्याल ऐकणारा समेची वाट पाहत असतो. समेवर येण्यातले समाधान गायकाच्या त्या आवर्तनापुरते नसते. ताल हा त्या मैफलीच्या आधी आणि त्या गायकाच्या बाहेर ठरलेला करार असतो म्हणून सम ही सम असते. अतीत आणि अनागत या संज्ञांना अर्थ आहे तोही या करारामुळेच. सम कोठे आहे हे श्रोत्याला ठाऊक नसेल तर ती चुकविण्यात कसलीच कला उरत नाही. सिंफनीतील ‘सम’ मात्र एका आवर्तनाच्या अंतरावर नसते. कधी चाळीस मिनिटांनी, कधी तासाभराने येते. काही वेळा तर ती एका सिंफनीत ठेवलेली असते आणि पुढच्या सिंफनीत चुकवलेली असते. ही तुलना फार ताणू नये हे मलाही कळते. ताल हा मोजता येतो, प्रकाराचे वचन मोजता येत नाही. तरी श्रोत्याची अपेक्षा ही रचनेबाहेरची मानसशास्त्रीय बाब नसून रूपाचाच घटक असू शकते, एवढे ती दाखवते, आणि मर्ढेकरांच्या लयतत्त्वात नेमकी यासाठीच जागा नाही.

नववी सिंफनी याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. १९४५ साल, युद्ध जिंकलेले, आणि क्रमांक नऊ. बेथोव्हेननंतर नऊ हा आकडा सिंफनीकाराच्या बाबतीत साधा राहिलेला नाही. एकल गायक आणि गायकवृंद यांच्यासह विजयाची सिंफनी लिहिण्याचा मनोदय शोस्ताकोविचने जाहीरपणे बोलून दाखविला होता; तशी एक सुरुवात करून ती त्याने टाकूनही दिली. ३ नोव्हेंबर १९४५ रोजी जे ऐकू आले ते सुमारे पंचवीस मिनिटांचे, हायडनच्या वळणाचे, खोडकर आणि मधूनच विषण्ण होणारे संगीत होते. ट्राँबोन दोन स्वर पुन्हा पुन्हा चुकीच्या जागी ठणकावतो आणि इतर वाद्ये त्याच्याकडे दुर्लक्ष करीत पुढे जातात. हीच रचना कोणा अप्रसिद्ध संगीतकाराने एखाद्या दुय्यम क्रमांकाखाली सादर केली असती तर ती एक चतुर, हलकीफुलकी कृती ठरली असती. नववी म्हणून, विजयाच्या वर्षी, त्या माणसाकडून आली तेव्हा ती उद्धट ठरली. स्वर तेच, प्रकाराच्या स्मृतीने त्यांचे वजन बदलले. फेब्रुवारी १९४८ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने झ्दानोव्हच्या पुढाकाराने ‘रूपवादी’ संगीतकारांची नावे घेऊन ठराव केला, त्यात शोस्ताकोविच होता, प्रोकोफ्येव होता, खाचातुर्यानही होता. मला नेहमी असे वाटत आले आहे की या आरोपकर्त्यांना कलेतले काही कळत नव्हते हे आपले लाडके मत अर्धेच खरे आहे. सिंफनी ही सार्वजनिक सत्ता आहे आणि तिच्या शेवटाला अर्थ असतो, एवढे त्यांना पक्के कळत होते. आपल्याकडच्या कित्येक सौंदर्यवाद्यांना ते कळले नाही.

याचा अर्थ अपेक्षा मोडली की कृती थोर आणि पाळली की सामान्य, असा मात्र होत नाही. सातव्या सिंफनीत वचन अक्षरशः पाळलेले आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये उपासमारीतून वाचलेल्या वादकांनी कार्ल एलियासबर्गच्या संचालनाखाली ती वाजविली, तेव्हा बेकरने म्हटलेला समाज त्या सभागृहात प्रत्यक्ष घडला असला पाहिजे. कृती म्हणून मला ती आजही असमान वाटते. पहिल्या भागातील ढोलाच्या ठेक्यावर वाढत जाणारी धून वगळता तिचा बराच भाग प्रसंगाच्या आधारावर उभा आहे. १९६१ ची बारावी, ‘वर्ष १९१७’, तर सपशेल फसलेली आहे. तेथे श्रोत्याला जे हवे असेल असे गृहीत धरले होते ते सारे ठरल्या वेळी दिले जाते. वचन आणि त्याची पूर्तता यांच्यात रचनाकाराची स्वतःची अशी काहीच हालचाल उरत नाही.

शोस्ताकोविचवरील चर्चेला १९७९ नंतर वेगळेच वळण लागले. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन व्होल्कोव्हने त्याच्या आठवणी म्हणून ‘टेस्टिमनी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातून गुप्तपणे विरोध करणारा शोस्ताकोविच उभा राहिला. पुढच्याच वर्षी लॉरेल फे या अभ्यासिकेने दाखवून दिले की त्यातील काही मजकूर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या लेखांशी शब्दशः जुळतो. वाद अजून मिटलेला नाही. तो येथे उगाळण्याचे कारण नाही, कारण दोन्ही पक्षांची एक सवय समान आहे : सिंफनी ही कुलूपबंद पत्रासारखी मानावयाची आणि किल्ली तिच्या बाहेर, चरित्रात शोधावयाची. मराठीत चरित्रात्मक समीक्षेला आपण बाहेरच्या दाराने घालवले आणि ‘उपरोध’, ‘विद्रोह’ अशा नावांनी ती मागच्या दाराने पुन्हा आत आली, तसाच हा प्रकार आहे. उपरोध रचनेत ऐकू यावयाचा असेल तर आधी प्रकाराने काय कबूल केले होते ते ऐकू आले पाहिजे. नाहीतर उपरोध श्रोत्याने स्वतःच आणून ठेवलेला असतो.

एक आक्षेप येथे रास्तपणे घेता येईल. अपेक्षा हा रूपाचा घटक असेल तर ती अपेक्षा नाहीशी झाल्यावर कृतीचे काय उरते? मी सुरगाण्यात बसून कानांना यंत्र लावून पाचवी सिंफनी ऐकतो तेव्हा न लेनिनग्राडची ती सभा असते, न शंभर माणसांच्या शेजारी बसून ऐकण्याचा प्रसंग. या आक्षेपाचा विचार करताना मला ग्रंथांपेक्षा येथील एका परंपरेची अधिक मदत झाली. सुरगाणा, पेठ, कळवण आणि सीमेपलीकडचे डांग या पट्ट्यातील कोकणा समाजात थाळीवर कथा गाण्याची रीत आहे. कांशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवतात. कथेकरी तिच्यावरून बोटे खाली ओढत राहतो आणि थाळीतून एक अखंड नाद निघत राहतो. त्या नादावर कणसरीची म्हणजे धान्यदेवतेची कथा, रामाची कथा रात्रभर चालते. (डांगातील कोकणा रामकथेचे डाह्याभाई वाढू यांनी केलेले संकलन अभ्यासकांना परिचित आहे.) एकदा ही थाळ महाविद्यालयीन कार्यक्रमात दहा मिनिटांसाठी ऐकवली गेली. वाद्य तेच, कथेकरी जाणता, शब्द तेच. ज्या विद्यार्थ्यांनी घरी ही कथा रात्रभर ऐकली होती त्यांचे म्हणणे असे पडले की थाळ वाजली पण कथा काही लागली नाही. ज्यांनी ती कधी ऐकली नव्हती त्यांना कार्यक्रम आवडला. लक्षणांच्या यादीने पाहिले तर दोन्ही प्रसंगी तोच प्रकार होता.

त्यातून आक्षेपाला अर्धे बळ मिळते हे खरे. पण दुसरी बाजूही आहे. त्याच दहा मिनिटांत, रात्र पाहिलेल्या मुलांना कथा ‘लागली नाही’ हे कळले, म्हणजे न आलेली रात्र त्यांना ऐकू आली. शोस्ताकोविचच्या उत्तम सिंफनींत ही न आलेली गोष्ट ऐकू येण्याची सोय रचनेतच केलेली आहे. चौथ्या सिंफनीच्या अखेरीस सी मेजरमध्ये एक प्रचंड विजयगजर उभा राहतो, इतका प्रचंड की बेथोव्हेन कधी न ऐकलेल्या श्रोत्यालाही आता संपले असे वाटावे. मग तो कोसळतो आणि कित्येक मिनिटे तंतुवाद्यांचा एक मायनर स्वरसमूह थिजून राहतो. त्यावर सेलेस्टाचे मोजके, थंड स्वर पडतात. वचन काय होते आणि त्याचे काय झाले हे दोन्ही कृतीच्या आत आहे. यासाठी १९३६ चे वर्तमानपत्र वाचावे लागत नाही. थाळकथेशी याचे साम्य येथे संपते, कारण कथेच्या अपेक्षेचा राखणदार गाव असतो आणि तो श्रद्धेने राखण करतो; १९३७ मध्ये एकाच अपेक्षेचे दोन राखणदार सभागृहात बसले होते, एक रडणारा आणि एक नोंद घेणारा, आणि कधी कधी दोघे एकाच माणसात.

प्रकाराचे नाव किती ताणता येते याची कसोटी चौदाव्या सिंफनीत लागते. १९६९ च्या आरंभी रुग्णालयात असताना शोस्ताकोविचने ती लिहिली आणि बेंजामिन ब्रिटनला अर्पण केली. एक सोप्रानो, एक बास, एकोणीस तंतुवाद्ये आणि आघातवाद्ये एवढाच तिचा संसार. लोर्का, अपोलिनेर, क्यूखेलबेकर आणि रिल्के यांच्या अकरा कविता, सर्व मरणाच्या. हिला काय म्हणावे हे आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचे त्याने आयझॅक ग्लिकमन या मित्राला लिहिले होते : गायकवृंद नाही म्हणून ऑरेटोरिओ नाही, आणि सिंफनीही बहुधा नाहीच. अखेर त्याने सिंफनी हेच नाव ठेवले. गीतमाला म्हटले असते तर कोणी आक्षेप घेतला नसता. पण मग ऐकणाराही गीतमाला ऐकतो तसाच ऐकता, एकेक गीत वेगळे करून, आवडीनिवडीने. सिंफनी म्हटल्यामुळे श्रोता अखेरपर्यंत सोडवणुकीची वाट पाहतो. दहाव्या गीतात पहिल्या गीतातली व्हायोलिनची स्वरावली परत येते तेव्हा तो सावरून बसतो, कारण परतणे हे या प्रकारात घरी येण्याचे चिन्ह. अकरावे गीत अगदी त्रोटक आहे. दोन्ही आवाज एकत्र येतात, आणि तंतुवाद्ये एका कर्कश स्वरसमूहावर वेग वाढवीत मध्येच तुटतात. सार्वजनिक तालमीच्या वेळी केलेल्या छोट्या भाषणात शोस्ताकोविचने स्पष्ट केले होते की मृत्यूनंतर शांती आणि प्रकाश दाखविणाऱ्या थोर पूर्वसूरींशी आपले भांडण आहे. हे भांडण ज्या घरात करावयाचे त्या घराचे नाव त्याला दारावर हवे होते. येथे प्रकार हा युक्तिवादाचा भाग झाला आहे, आणि माझ्या मते त्याच्या पंधरा सिंफनींत इतक्या कठोरपणे तो दुसरीकडे कोठे झालेला नाही. तेराव्या सिंफनीतही नाही. बाबी यारच्या हत्याकांडावरील येव्तुशेन्कोच्या कवितेने सुरू होणाऱ्या त्या कृतीतले धैर्य निर्विवाद आहे. परंतु तेथे शब्द पुढे चालतात आणि सिंफनी त्यांना आधार देते. त्या शब्दांवर दबाव आला तेव्हा कवीने काही ओळी बदलल्या, आणि संगीत होते तसेच राहिले.

शोस्ताकोविचची शिष्या गालिना उस्त्वोल्स्काया हिने ही ताण पुढे नेली. तिच्या चौथ्या सिंफनीत गायिका, ट्रंपेट, टॅमटॅम आणि पियानो एवढेच आहे आणि ती दहा मिनिटांच्या आत संपते. त्या नावाने जी सभा बोलावली जाते ती मात्र पूर्ण बोलावली जाते. थाळीवरची एक काडी रात्रभर पुरते हे पाहिलेल्याला त्यात विशेष नवल वाटणार नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) सौंदर्यसंकल्पनेचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव मांडले आणि कोणताही एक ध्रुव पुसून टाकता येत नाही असे दाखविले. आपल्या समीक्षेला त्या मांडणीने पुष्कळ मोकळे केले. तरीही प्रत्यक्ष कृतीसमोर बसल्यावर आपण बहुधा एकेका ध्रुवावरून बोलतो : रूपाविषयी लिहिताना समाज विसरतो आणि समाजाविषयी लिहिताना कादंबरीचा शेवट कोणत्या वाक्यावर, कोणत्या लयीत झाला ते पाहत नाही. प्रकार ही संकल्पना या दोन ध्रुवांमध्ये नेमकी कोठे बसते, याचा विचार तर अजून नीट सुरूही झालेला नाही. कादंबरी, दीर्घकथा, लघुकादंबरी यांच्या सीमारेषांवरील आपले वाद पानांच्या संख्येवरून आणि पात्रांच्या गर्दीवरून चालतात. लेखकाने विशिष्ट नाव का घेतले आणि ते नाव घेतल्यावर वाचकाने कोणत्या ‘समे’ची वाट पाहिली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

शेवटी पंधराव्या सिंफनीचा उल्लेख अपरिहार्य आहे. ८ जानेवारी १९७२ रोजी ती मॉस्कोत सादर झाली. संचालक होता त्याचा मुलगा माक्सिम. पुन्हा चार भाग, पुन्हा शब्दविरहित वाद्यवृंद. पहिल्या भागात रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ची घोडदौड खेळण्यातल्या शिपायांसारखी येऊन जाते. चौथ्या भागाच्या तोंडाशी वाग्नरच्या ‘रिंग’मधील नियतीची स्वराकृती उभी राहते, आणि तिच्यामागून एक अगदी साधी, थकलेली धून. प्रकाराची स्मृती येथे उघड अवतरणे होऊन समोर येते. त्यांना एका सूत्रात ओवण्याचा आग्रह मात्र कोठेच नाही. अखेरीस तंतुवाद्ये एक दीर्घ, पोकळ स्वरजोड धरून ठेवतात आणि त्यावर आघातवाद्यांची हलकी टिकटिक चालू होते. कॅस्टनेट, लाकडी ठोकळा, झायलोफोन : ही टिकटिक नवी नाही. चौथ्या सिंफनीचा दुसरा भाग याच टिकटिकीवर संपतो, त्या सिंफनीचा, जी त्याने १९३६ साली लिहिली आणि पंचवीस वर्षे कोणी सभागृहात ऐकली नाही. त्या धरून ठेवलेल्या स्वरजोडीत मेजर की मायनर हे ठरविणारा मधला स्वर नसतो. तो अगदी शेवटी, इतर सारे जवळजवळ थांबल्यावर, सेलेस्टा लावते.